नेव्हिलसारखा ॲम्प

"…पण मास्तर, निवांत बसून वाजवून बघता येईल असं एखादं दुकान तुमच्या माहितीत असेल की नाही?"

इनास मास्तर ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाचं दुकान?"

"ॲम्पचं. गिटारच्या ॲम्पचं. मघापासून तेच तर सांगतोय."

"मघापासून तू नेव्हिलचं सांगतोयस," मास्तर म्हणाले.

गिटारची पेटी परेश चोरघेने भिंतीला टेकवून ठेवली होती. ती त्याने उगाच जरा सरळ केली.

वसईकडच्या त्या गावात इनास मास्तरांनी अर्धं आयुष्य गिटार शिकवली. चर्चच्या सणाला संध्याकाळी मैदानात कार्यक्रम होतो, त्याची सलामी त्यांच्या गिटारने व्हायची. पुढे मास्तरांची बोटं आखडली. तेव्हा ती सलामी त्यांनी परेशला दिली, आणि तेव्हापासून दर सणाला परेशच वाजवत आला.

यंदाचा सण येत्या रविवारी होता. मास्तरांनी अजून कुणाचंच नाव घेतलं नव्हतं.

आणि मध्येच हा नेव्हिल उपटला होता.

नेव्हिल परेशच्या पुष्कळ मागून शिकायला आलेला. त्याच्या मामाने परदेशातून येताना त्याच्यासाठी ॲम्प आणला. आत काचेच्या नळ्या असलेला, तापला की मंद लालसर उजळणारा, दोघांनी मिळून उचलावा लागणारा. ईस्टरच्या कार्यक्रमात नेव्हिलने त्यावर वाजवलं. पहिल्या ओळीलाच मैदान गप्प झालं. पुढच्या रांगेत बसलेल्या मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

परेश तेव्हा जनरेटरपाशी उभा होता. त्याने मैदान पाहिलं नाही, नेव्हिलला पाहिलं नाही. मास्तरांचे मिटलेले डोळे तेवढे पाहिले. आत्ता लाइट जावी, असं त्याला वाटलं. फार मनापासून वाटलं. पण लाइट काही गेली नाही.

वर नेव्हिल वागायलाही चांगला. कार्यक्रम संपल्यावर परेशची गिटार त्यानेच रिक्षापर्यंत आणून दिली. त्यामुळे त्याला शिव्या द्यायचीही सोय उरली नव्हती.

"ईस्टरला तुम्ही डोळे मिटलेत," परेश आता एकदम म्हणाला.

"कधी?"

"नेव्हिल वाजवत होता तेव्हा."

मास्तरांनी आठवून पाहिलं. "झोप लागली असेल. उपास सोडला होता, जेवण जास्त झालं."

"माझ्या वेळी तुम्ही कधी डोळे मिटत नाही."

"तुझ्या वेळी झोपायची सोय कुठं असते?" मास्तर म्हणाले आणि पुढची शेंग मोडली.

हा टोमणा की शाबासकी, ते परेशला कळेना. त्याने तो विषय सोडून दिला.

"माझा ॲम्प म्हणजे नुसतं खोकं आहे मास्तर. हात तोच, गिटार तीच, पण आवाजाला अंगच नाही. रविवारच्या आत काहीतरी बघायलाच हवं."

"मग फिरलास कुठं कुठं?"

"ग्रँट रोडला गेलो. काचेची खोली, एसी, सगळं आहे. पण बटण जरा फिरवलं की मालक धावत येतो. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. म्हणे, काल एका पेशंटने दचकून डॉक्टरचं बोट चावलं."

मास्तर खळखळून हसले. "मग?"

"मग काय? अशा ॲम्पचा जीव आवाज मोकळा सोडल्याशिवाय कळत नाही. कुजबुजायला लावून काय कळणार?"

"खरं आहे."

मास्तरांनी हो म्हटल्यावर परेशला जरा जोर आला.

"अंधेरीला तर कहर. सेल्समनने माझ्या हातात गिटार दिलीच नाही. ॲम्प कसा वाजतो ते दाखवतो म्हणाला आणि स्वतःच वाजवत सुटला. मी त्याच्या चहाचा पेला धरून उभा."

"चांगला वाजवत होता?"

परेशने ओठ दुमडले. "…हो."

"अरेरे," मास्तर म्हणाले.

"पुण्याला मात्र कॅम्पात एक पारशी गृहस्थ सापडले. त्यांच्या बंगल्याच्या मागच्या खोलीत ॲम्प मांडलेत. एकेक असा, की नुसतं बघत बसावं. मला म्हणाले, 'डिकरा, मी बागेत आहे. पाहिजे तेवढा मोठ्याने वाजव. काचा फुटल्या तर फक्त हाक मार.' आणि दार लावून खरंच गेले."

मास्तरांचे हात थांबले. "मग हेच की तुझं चांगलं दुकान! मला कशाला विचारतोस?"

परेशने अंगणातल्या केळींकडे पाहिलं.

"तिथं जास्तच वाईट वाटलं, मास्तर."

"का?"

"थोडा वेळ वाजवलं आणि थांबलो. आवाज बंद झाला म्हणून ते आत आले. 'काय झालं?' म्हणाले. मी म्हटलं, नेव्हिलसारखा येत नाही."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले… 'कोण नेव्हिल?'"

मास्तरांनी शेंगा सोलायला पुन्हा सुरुवात केली. "भला माणूस," ते पुटपुटले.

मग त्यांनी विचारलं, "तिथं वाजवलंस काय?"

"नेव्हिलने ईस्टरला वाजवलं होतं ते."

"आणि ग्रँट रोडला?"

"तेच."

"अंधेरीला?"

"तिथं वाजवायला मिळालंच नाही." परेश अडखळला. "मिळालं असतं तर तेच वाजवलं असतं. सगळीकडे एकच गोष्ट वाजवायला हवी ना? नाहीतर तुलना कशी करणार?"

परेश इंजिनियर होता. तुलना कशी करतात ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "पद्धत अगदी बरोबर आहे."

ते जागचे उठले. शिकायला येणाऱ्यांसाठी ठेवलेला एक जुना छोटा ॲम्प ओट्याच्या कोपऱ्यात होता. त्याच्यावर फडकं टाकलेलं असे. मास्तरांनी फडकं काढलं, वायर परेशच्या हातात दिली आणि परत येऊन बसले. पण या वेळी परेशकडे पाठ करून बसले.

"वाजव."

"यावर? हा तर माझ्या खोक्यापेक्षाही…"

"वाजव."

परेशने गिटार काढली, सूर जुळवले. काय वाजवायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. मांडीवर गिटार आली आणि बोटं आपोआप जाऊन बसली. त्या कोपऱ्यातल्या डब्यातून ईस्टरची ती ओळ निघाली. वर चढताना घेतलेला तोच हेलकावा, शेवटच्या सुरावर दिलेला तोच थरथरता दाब. मोबाइलवर घेतलेलं ईस्टरचं रेकॉर्डिंग दिवसरात्र ऐकून ऐकून त्याने तो उचलला होता. पुण्याच्या त्या महागड्या ॲम्पवर जे जमलं नव्हतं, ते आज इथं कसं कोण जाणे, जमून गेलं.

मास्तर पाठमोरेच होते. शेंगा मोडत होत्या.

परेश वाजवत राहिला.

एवढ्यात स्वयंपाकघरातून फिलूमावशी आल्या. मास्तरांच्या पत्नीला सगळे शिष्य मावशीच म्हणत. हातात कोरा चहा आणि त्यात लिंबाची फोड.

"घे रे नेव्हिल. साखर नाही घातलेली, तुझ्या…" त्या दारातच थांबल्या. "अगो बाय! तू होय? मला वाटलं, नेव्हिल आलाय!"

परेशचे हात तारांवरच राहिले.

मग त्याचा चेहरा एकदम उजळला. एवढ्या महिन्यांत तो असा हसला नव्हता.

"ऐकलंत, मास्तर? मावशींना नेव्हिल वाटला! आणि तेही या डब्यावर! मग चांगला ॲम्प मिळाला तर…"

मास्तरांनी आणखी एक शेंग मोडली.

"पण तू कधीपासून आहेस इथं?" मावशी अजून त्याच्याकडेच बघत होत्या. "मला कळलंसुद्धा नाही. तुझं मला आतूनच ओळखू यायचं रे. तुझा पहिला सूर जरासा उशिरा लागायचा. हे हसून म्हणायचे, आला बघ, रिक्षा चुकलेला. आणि मी साखर जास्त घालून चहा टाकायची."

"ती चूकच होती माझी," परेश म्हणाला. "काढून टाकली मी. नेव्हिलचा सूर बघा, कसा वेळेवर…"

बोलता बोलता त्याची नजर त्या कोऱ्या चहावर गेली.

"हा चहा तू पिणार नाहीस," मावशी म्हणाल्या. "थांब, दुसरा करते." आणि त्या आत गेल्या.

परेश बसून राहिला. नेव्हिलचा चहा ओट्यावर निवत होता. त्या चहाचाही त्याला हेवा वाटला. म्हणजे या घरात नेव्हिलचा चहाही ठरलेला आहे… लगेच त्याच्या लक्षात आलं, की आपलाही ठरलेलाच होता. हेवा कुणाचा करायचा तेच कळेना.

त्याने गिटार पेटीत ठेवली. पेटीच्या कड्या लावताना एक कडी दोनदा निसटली.

"मास्तर…"

"बोल."

"तुम्ही त्याचंच नाव देणार आहात ना? सणाला?"

मास्तरांनी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. पण हसराही नव्हता.

"नेव्हिलला मी सकाळीच सांगितलं. यंदा तू श्रोत्यांत बस म्हटलं."

"मग सलामी कोण…?"

मास्तरांनी मांडीवरची टरफलं झटकली.

परेश पुढे झुकला.

"रविवारी संध्याकाळी ये," मास्तर म्हणाले. "ॲम्प आण, नको आणूस, ते तुझं तू बघ. पण येताना परेशला घेऊन ये."