पिल्लाला लागलेला हात

वेळ सकाळी साडेदहाची, छोट्या सुट्टीची. स्थळ एका गावातल्या शाळेचं फरसबंद अंगण. कार्यालयाच्या दारावर चढवलेल्या बोगनवेलीतून बुलबुलाचं एक पिल्लू खाली पडलं होतं. अंगावर धड पिसं नाहीत, डोळे नुकतेच उघडलेले, आणि फरशी तापत चाललेली. भोवती सारी शाळा गोळा झाली होती. पण पिल्लाला उचलायला एकही हात पुढे होत नव्हता.

कारण सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. माणसाने शिवलेलं पिल्लू आई परत घेत नाही. मुलांना ती आज्ज्यांनी सांगितली होती. विज्ञानाच्या सरांनाही ती त्यांच्या आजीनेच सांगितली होती, आणि पदवी घेऊनही त्यांनी ती कधी तपासून पाहिली नव्हती.

“कुणी हात लावू नका रे,” ते ओरडले. “आपलं आपण उडेल.”

ज्याला पंख नाहीत त्याने उडावं, असा तो निर्णय होता. निर्णय देणाऱ्याचे पाय सावलीत होते.

तेवढ्यात सातवीतली आम्रपाली रिंगणात घुसली आणि तिने पिल्लू ओंजळीत उचललं.

“सर, हिनं शिवलं!”

“मेलं आता ते!”

“हिचाच हात लागायचा राहिला होता त्याला,” मागून कुणीतरी म्हणालं आणि चारपाच जण फिदीफिदी हसले.

सरांनी ते ऐकलं. गावाबाहेरच्या वस्तीतल्या मुलांना उद्देशून असं काही बोललं गेलं, की ते फळ्याकडे तोंड करून लिहू लागत. अंगणात फळा नव्हता.

“आम्रपाली, ठेव ते खाली.”

“खाली भाजतंय त्याला, सर.”

“अगं, पण आई घेणार नाही त्याला आता.”

“मग मी घेते. पण खाली नाही ठेवणार.”

याच शाळेतून निवृत्त झालेले एक वृद्ध गुरुजी दर शनिवारी मुलांकडून वाचन करून घ्यायला येत. सर स्वतः एकेकाळी त्यांचेच विद्यार्थी. गुरुजी फाटकातून आत आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वेलीतलं घरटं पाहिलं, आणि मग भलतंच केलं. आम्रपालीच्या ओंजळीतल्या पिल्लाच्या पाठीवरून त्यांनी आपलं बोट फिरवलं.

“आता तू लाव हात,” ते सरांना म्हणाले.

“गुरुजी, एका हातानेच घात झालाय. आणखी कशाला?”

“लाव म्हणतो ना! मेलंच तर खापर एकट्या पोरीवर नको. तिघांत वाटून घेऊ.”

सरांनी बोट टेकवलं. कातडीखाली केवढासा जीव धडधडत होता. मुलं सरांकडे पाहत होती. पहिल्यांदाच ते तिच्या बाजूला उभे होते, आणि तेही नाइलाजाने.

आम्रपालीने बाकावर चढून पिल्लू घरट्यात ठेवलं. गुरुजींनी साऱ्या शाळेला व्हरांड्यात बसवलं. घंटा झाली, तसे ते म्हणाले, “पुढचा तास इथेच. विषय, गप्प बसणे.”

सर मनाशी हिशेब करत होते. आई आली नाही तर पिल्लू जाईल, आणि ही पोर शाळा सोडेपर्यंत ‘पिल्लू मारणारी’ ठरेल. आम्रपाली कुणाकडेच बघत नव्हती. तिची नजर वेलीवर खिळली होती.

बुलबुल आली. आधी तारेवर बसली, मग वेलीवर. चोचीत अळी होती. घरट्याच्या काठावर येऊन तिने मान वाकडी केली. आतून एक चोच वर आली. आईने घास भरवला आणि ती पुन्हा उडाली, दुसरा आणायला.

व्हरांड्यात कल्लोळ उसळला. गुरुजींनी हात वर केला.

“पाहिलंत? हात माणसाचा होता की नाही, कुणाच्या घरचा होता, तिने विचारलं नाही. उघडी चोच दिसली, घास दिला. विटाळ ही पाखरांची रीत नाही, बाळांनो. ती आपल्या घरातली. आपण ती उचलून त्यांच्या घरट्यावर चिकटवली आणि वर निसर्गाचं नाव दिलं. आणि लक्षात ठेवा, आपण सारे शहाणे उभे होतो तेव्हा ते भाजत होतं.”

मग ते सरांकडे वळले. “तहान लागली रे.”

माठ व्हरांड्याच्या टोकाला होता. त्याच्या झाकणावर एक लखलखीत पेला. बाजूच्या भिंतीवर, खिळ्याला दोरीने टांगलेला दुसरा, पोचे आलेला. गुरुजींनी झाकणावरच्याने पाणी घेतलं, टांगलेल्यात ओतलं आणि त्याने ते प्याले. सर खाली पाहू लागले.

“हा कुणाचा?”

आम्रपालीच म्हणाली, “आमचा. वस्तीतल्यांचा.”

“कुणी ठरवलं?”

“पहिल्यापासून आहे,” एक शिक्षिका घाईने म्हणाल्या.

गुरुजींनी पेला पुन्हा भिंतीशी लोंबू दिला. सरांनीच पुढे होऊन पेला खिळ्यावरून काढला, दोरीसकट, आणि साऱ्या शाळेदेखत नेऊन मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. “सर, उत्तर मिळेपर्यंत हा इथून हलणार नाही,” ते म्हणाले. त्यांचा आवाज व्हरांड्यापर्यंत पोहोचला.

पिल्लू उडून गेलं आहे. पेला अजून टेबलावर आहे. मुख्याध्यापक म्हणतात, मी बदलीवर आलो, तो आधीपासून होता. शिपाई म्हणतो, माझ्याही आधीचा. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणतात, जुनी गोष्ट आहे, उगाच कशाला उकरता.

पेला जुना आहे, मान्य. दोरी मात्र नवीकोरी आहे. ती कुणी बांधली, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.