राणीचे पोवळे आणि राजाचे आरसे

फार फार जुन्या काळी, डोंगरातल्या एका राज्यात एक हौशी राजा होता. त्याने लग्न केले ते दूरच्या बेटावरच्या मुलीशी. येताना तिने काचेच्या हौदात एक जिवंत पोवळे आणले. झुडपासारखे, तांबूस, आणि त्याच्या फांद्यांत राहणारा एक खेकडा.

"हे जगलं तर माझं माहेर माझ्याजवळ राहील," ती म्हणाली.

राजाचा तिच्यावर फार जीव. हौदासाठी समुद्राचे पाणी कावडींनी येऊ लागले. राणीला एकटे वाटू नये म्हणून तो तिला रोज भर दरबारात शेजारी बसवी. त्या गर्दीत ती अंग चोरून बसे आणि दिवसेंदिवस सुकत चालली होती.

हौद ठेवला होता त्या कोपऱ्यात उजेड कमी होता. राजाला पोवळ्याचा रंग नीट दिसेना. त्याने खिडकीत आरसा लावून उन्हाची तिरीप हौदावर पाडली. रंग कसा खुलून दिसला! राजा हरखला आणि भिंतभर आरसे लावून मोकळा झाला.

पोवळे फिकट होऊ लागले. राजाला वाटले, उजेडच कमी पडतोय. त्याने आणखी आरसे लावले. एके सकाळी पोवळे पांढरेशुभ्र झाले.

"वा! अगदी मोत्यासारखं!" म्हणत त्याने दरबाऱ्यांना बोलावले. सगळ्यांनी माना डोलावल्या. राणी मात्र धावत हौदापाशी गेली.

"अहो, ते मरायला टेकलंय," एवढेच ती बोलली.

 राजाने घाईघाईने सगळे आरसे उतरवले आणि हौदावर जाड घोंगडे टाकले.

घोंगड्याखालून खेकडा बाहेर आला. तो भलताच चिडला होता.

"काल भाजलंत, आज कोंडलंत! महाराज, आरसे लावलेत ते तुम्हाला नीट दिसावं म्हणून. पोवळ्याला किती सोसतं, ते पाहिलंत कधी?"

"पण समुद्रावर केवढं ऊन असतं!"

"वर असतं. आम्ही खाली राहतो. पाण्यातून गाळून येईल तेवढंच आमचं. पण तेवढं मात्र हवंच."

राजा खजील झाला. त्याने घोंगडे काढून विरळ मलमल घातली. एकच आरसा ठेवला, तोही लांब. मग रोज तो हौदापाशी बसू लागला. पोवळे फुलले की आरसा जरासा जवळ आणी, आक्रसले की मागे नेई. पावसाळा सरला, थंडी आली, तेव्हा कुठे बुंध्यावर तांबूस छटा दिसली. एक फांदी मात्र पांढरी राहिली ती कायमचीच.

राजा त्या फांदीकडे बराच वेळ बघत राहिला. मग राणीकडे वळला.

"आणि तुला गं? तुला किती माणसं सोसतात?"

लग्नानंतर राणी पहिल्यांदाच हसली.

"आज आपण दोघंच पुरे."

तेव्हा लहानांनो आणि थोरांनो, एवढे ध्यानात असू द्या: प्रेमाने जे द्यायचे, ते आपल्या हौसेने नव्हे, घेणाऱ्याच्या सोसण्याने मोजावे.