ओढ्यातला प्रवेश

“कविता कुठे थांबवायची, गाणं कुठे सुरू करायचं आणि नाचाची पावलं कुठे आणायची? एवढंच सांगा, झिलूतात्या. बाकी सगळं मी लिहून आणलंय.”

यशोधनने वही पुढे केली. पुण्यात त्याच्या कवितांना टाळ्या पडत. आता त्याने पद्यनाटक लिहिलं होतं आणि त्यासाठीच तो कुडाळजवळच्या या वाडीत आला होता. झिलूतात्यांनी दशावतारात पन्नास वर्षं स्त्रीपार्ट केले होते.

तात्यांनी वहीला हातही लावला नाही.

“यातला तुझा आवडता प्रवेश कुठला?”

“नदीचा! बाळ पैलतीरी अडकलंय, पूर चढतोय आणि आई पाण्यात उतरते...”

“पाठ आहे?”

“अक्षर न् अक्षर!”

“मग चल.”

घरामागे ओढा होता. पाणी नुसतं उसळत होतं. तात्या दगडांवरून झपाझप पलीकडे गेले आणि काठावर उकिडवे बसले.

“ये आता. म्हणत म्हणत ये!”

यशोधनने पहिल्या दगडावर उभं राहून घसा साफ केला.

“वाट दे गं नदीबाई, माझं बाळ पैलतीरी...”

“ऐकू येत नाही!”

तो ओरडला. पाण्याने शब्द गिळले.

“काहीच नाही रे!”

...

मग कसं कोण जाणे, शब्द लांबला. ‘नदीबाईऽऽ’ म्हणताना सूर वर चढला आणि थेट पलीकडे पोचला. तात्यांनी मान उचलली.

पुढचा दगड शेवाळलेला. पाय सटकला! त्याने हात हवेत फेकले, झटक्यात दोन पावलं टाकली. ओळ तुटली नाही, त्या पावलांवरच येऊन पडली. आता थांबणं शक्य नव्हतं. ओढा छातीत धडधडत होता. पलीकडे खरंच कुणी रडतंय असं त्याला वाटलं... शेवटच्या दगडावरून त्याने झेप घेतली आणि तो दोन्ही हात पसरून वाळूत गुडघ्यांवर कोसळला.

...

“तात्या!” धापा टाकत, हसत तो ओरडला. “झालं! आपोआप झालं! गाणं कुठल्या दगडावर सुरू झालं? आणि पावलं? सांगा ना, मी खूण करून ठेवतो. तुम्ही समोरच होतात, तुम्ही पाहिलंत!”

तात्यांनी पंच्याने डोळे पुसले.

“मी कुठे पाहिलं, बाबा? मी त्या आईकडे बघत होतो.”