पोटभर मांड्यांची पाटी

तापीच्या काठावर, एका तालुक्याच्या गावात सुपडू महाजन नावाचे गृहस्थ खानावळ चालवत होते. खानावळ साधी होती. बाकडी लाकडी, पंखे जुने, पण स्वयंपाकघर असं की गिऱ्हाइकाने केव्हाही आत डोकावून बघावं. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी हे रोजचं जेवण, आणि सणासुदीला खापराचे मांडे.

मांडे करणं सोपं नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत, पार कोपरापर्यंत पसरवायचा आणि फाटायच्या आत जाळावर तापलेल्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. हात जरा थरथरला की सगळं पुरण जाळात. महाजनांकडे हे काम वच्छलाबाई करत. त्यांच्या मांड्याची रुमालासारखी घडी व्हायची.

सुपडूभाऊंचा मुलगा हेमराज पुण्यात हॉटेलचं काम शिकून आला होता. तोवर हायवेवर चकचकीत ढाबे उभे राहिले होते आणि महाजनांची बाकडी दुपारचीसुद्धा रिकामी राहू लागली होती. एक दिवस सुपडूभाऊंनी गल्ल्याची किल्ली मुलाच्या हातात दिली.

"आता तू बघ," ते म्हणाले. "मी मधे बोलणार नाही."

त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. त्या दिवसापासून ते दाराजवळच्या खुर्चीवर बसत आणि आल्यागेल्याला रामराम करत.

पुढे आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि आईच्या हातचे मांडे आमरसात बुडवून खातात. हेमराजने नेमकं हेच हेरलं. एसटी स्टँडसमोर त्याने मोठी रंगीत पाटी लावली: 'माहेरवाशिणींनो, या! आखाजीला खापराचे मांडे पोटभर, एका ताटाच्या दरात!' आणि अगदी खाली, वाकून बघितल्याशिवाय दिसणार नाहीत अशा अक्षरांत लिहिलं: 'साठा असेपर्यंत'.

पाटीचा फोटो फोनवरून जिल्हाभर फिरला. वच्छलाबाईंनी तो पाहिला तेव्हा त्या हेमराजकडे आल्या.

"भाऊ, किती माणूस येईल?"

"येईल तेवढं येऊ द्या, मावशी."

"पण हात माझे दोनच आहेत."

हेमराज हसला. "काहीतरी करू. बसलेलं गिऱ्हाईक उठून जात नसतं."

सुपडूभाऊंनीही ती पाटी वाचली होती. बोलावंसं त्यांना फार वाटलं, पण मधे बोलणार नाही असा शब्द दिला होता, म्हणून ते गप्प राहिले.

आखाजीला सकाळपासूनच रीघ लागली. लेकीबाळी आल्या, त्यांची मुलं आली, जावई आले. बाकडी भरली, ओटा भरला, माणसं बाहेर उन्हात उभी राहिली. वच्छलाबाईंचे हात थांबत नव्हते. पण मांडा काही घाईने होत नाही. दुपार झाली, त्यांची बोटं भाजून लाल झाली आणि त्या भिंतीला टेकून बसल्या.

"आता थोडा वेळ तरी नाही व्हायचं, भाऊ," त्या म्हणाल्या.

हेमराज बाहेरच्या गर्दीकडे बघून गांगरला. मग त्याने आतल्या दोघांना सांगितलं, "गॅसवर तवे चढवा. पातळ पोळ्या लाटा, पुरण भरा, घडी घालून द्या. कोण बघतंय?" आमरसातही पाणी पडलं. वाढपी चिडले होते. "लवकर आटपा, मागे लोक उभे आहेत," असं ते लेकीबाळींना तोंडावर म्हणू लागले.

त्या गर्दीत कोकिळा नावाची एक बाई होती. ती नाशिकहून लहान मुलीला घेऊन एसटीने आली होती. हिवाळ्यात तिची आई वारली. वडील आधीच गेले होते, भाऊ परदेशी. दर आखाजीला जिथे ती यायची, त्या घराला यंदा कुलूप होतं. सण जवळ आला तशी ती कासावीस होत होती आणि तेवढ्यात कुणीतरी तिला त्या पाटीचा फोटो पाठवला. येताना सगळ्या वाटेने ती मुलीला सांगत आली होती की आजी मांडे कसे करायची, खापर कसं तापवायची, पहिला मांडा कुणाला द्यायची.

खूप वेळ उभं राहिल्यावर त्यांना जागा मिळाली. ताट आदळल्यासारखं समोर आलं. मुलीने एक घास खाल्ला आणि विचारलं, "आई, आजीचे मांडे असेच असायचे?"

कोकिळाला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. तिने हेमराजला हाक मारली.

"दादा, हे मांडे नाहीत. ही तव्यावरची पोळी आहे."

"एवढ्या गर्दीत हेच मिळेल, ताई. पाटीवर लिहिलंय तसं, साठा असेपर्यंत."

"मग साठा संपला असं सांगायचं होतं. मी उठून गेले असते."

"नाही आवडलं तर राहू द्या," हेमराज म्हणाला आणि पुढच्या बाकड्याकडे वळला.

कोकिळा भांडली नाही. तिने ताटाचे पैसे दिले, मुलीचे हात धुतले आणि ती निघाली. दाराशी तिने पदराने डोळे टिपले. सुपडूभाऊंनी ते पाहिलं.

"काय झालं, माय?"

"काही नाही, काका. यंदा आई गेली. पाटी वाचली म्हणून आले. चूक माझीच. माहेर काय असं पाटीवर मिळतं?"

आणि मुलीचा हात धरून ती उन्हातून स्टँडकडे चालू लागली.

सुपडूभाऊ खुर्चीवरून उठले. तिच्या ताटातला एक तुकडा त्यांनी तोंडात घातला. मग स्वयंपाकघरात जाऊन तवे पाहिले, वच्छलाबाईंची बोटं पाहिली. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून हेमराज आडवा आला.

"बाबा, आता काही बोलू नका," तो हळूच म्हणाला. "सगळ्यांसमोर माझी लाज जाईल."

एका बाजूला पोटचा मुलगा, दुसऱ्या बाजूला भरलेली पंगत. सुपडूभाऊंनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझी नाही जाऊ देणार," ते म्हणाले, आणि पंगतीपुढे जाऊन त्यांनी हात जोडले.

"मंडळी, जरा हात थांबवा. तुमच्या ताटात मांडे नाहीत, तव्यावरच्या पोळ्या आहेत. मांडे म्हणून वाढल्या, ही फसवणूक झाली. खानावळ माझी, पाटी माझी, चूक माझी. आज कुणाकडून काही घेणार नाही, ज्यांनी दिलं असेल त्यांना परत मिळेल. घाई असेल त्यांनी मला माफ करून जावं. थांबतील त्यांच्यासाठी खापर पुन्हा तापवतो. पण एक आत्ताच सांगतो. पोटभर नाही मिळायचे. तेवढी आमची ताकद नाही. एकेकच मिळेल, पण तो मांडा असेल."

एकदम गलका झाला. एक गृहस्थ तावातावाने उठले. "मुलाबाळांना घेऊन एवढ्या उन्हात आलो, आणि आता थांबा म्हणता?"

"तुमचं बरोबर आहे," सुपडूभाऊ म्हणाले.

"मग पाटी लावताना कळलं नाही?"

"कळायला हवं होतं."

गृहस्थ आणखी बोलायच्या तयारीत होते, पण समोरून एकही सबब येईना. मुलांना घेऊन ते पुटपुटत निघून गेले. त्यांच्यामागे आणखीही बरेच गेले. सुपडूभाऊ दाराशी उभे राहून प्रत्येकाला हात जोडत होते. काहींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

हेमराज गल्ल्याशी खाली मान घालून उभा होता. आपल्या चुकीबद्दल बाप लोकांपुढे वाकतोय हे त्याला बघवेना. शेवटी तो पुढे आला.

"बाबांनी पाटी लावली नाही," तो मोठ्याने म्हणाला. "मी लावली. बारीक अक्षरंही मीच लिहिली. पोळ्याही मीच करायला लावल्या."

मग कोपऱ्यातली एक वयस्कर बाई म्हणाली, "मग आता उभा काय राहिलास? जा, जाळ घाल."

सगळे हसले. हेमराजलाही हसू आलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणीही आलं. बाह्या सरसावून तो आत गेला.

इकडे सुपडूभाऊ तडक स्टँडवर गेले. वैशाखाचं ऊन, डोक्याला टोपी नाही. नाशिकची गाडी लागली होती आणि कोकिळा मुलीला पायरीवर चढवत होती.

"माय, परत चल."

"राहू द्या, काका. मी रागावले नाही."

"म्हणून तर आलो. रागावलेलं माणूस भांडून मोकळं होतं. तू मुकाट्याने निघालीस. ते मला सहन होईना."

कंडक्टरने घंटी मारली. कोकिळाने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा घामाने निथळणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि मुलीला खाली उतरवलं.

खानावळीत परत येऊन बघते तर सगळं वेगळंच चाललेलं. सुपडूभाऊंच्या पत्नी पार्वताबाई घरून आल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांनी कितीतरी वर्षांत मांडे केले नव्हते. आज त्या दुसऱ्या खापरापुढे पाट घेऊन बसल्या होत्या. वच्छलाबाईंनी बोटांना तूप लावलं होतं आणि त्या पुन्हा उठल्या होत्या. हेमराज चुलीत लाकडं सारत होता, धुराने त्याचे डोळे लाल झाले होते.

कोकिळाने ते पाहिलं आणि पदर खोचला. "द्या इकडे. मला येतात मांडे. आईने शिकवलेत."

पार्वताबाईंनी मान वर केली. "गप बस. आखाजीला लेक चुलीपाशी जात नसते. मागे निंबाला झोका बांधलाय, पोरीला घेऊन तिकडे जा."

कोकिळा जागच्या जागी थांबली. असं दटावून बोलणारं आता तिला कोणी उरलं नव्हतं. तिला रडू फुटलं. पार्वताबाईंनी हातातला गोळा खाली ठेवला नाही, तो फाटला असता, पण त्या म्हणाल्या, "रड, बाई. मग झोक्यावर जा."

वाढप्यांनी मागच्या अंगणात खरंच झोका बांधला होता. थांबलेल्या बायका तिथे जमल्या. कुणीतरी आखाजीचं गाणं सुरू केलं, दुसरीने पुढची ओळ उचलली. मगाशी ज्या एकमेकींना ढकलत उभ्या होत्या, त्याच आता एकमेकींना झोके देत होत्या. वाट बघण्याचा कुणाला कंटाळा आला नाही.

ऊन कलल्यावर पंगत बसली. हेमराज स्वतः वाढायला आला. प्रत्येक ताटात एक मांडा, वर तुपाची धार, बाजूला दाट रस. "एकच आहे, ताई," असं तो प्रत्येकीला सांगत गेला. कुणी तक्रार केली नाही. कोकिळाने पहिला घास मुलीला भरवला आणि दुसरा आपल्या तोंडात घातला.

मुलीने मात्र ताट चाटूनपुसून लख्ख केलं. "दादा, अजून एक?"

हेमराज तिच्यापुढे उकिडवा बसला. "संपले गं, बाई. खरंच संपले."

"बरं," मुलगी म्हणाली.

त्या दिवशी महाजनांचं नुकसान झालं. चिडून गेलेल्यांनी पुढे पुष्कळ दिवस खानावळीला नावं ठेवली, आणि ते त्यांच्या परीने बरोबरही होतं. हेमराजने ते ऐकून घेतलं. ज्यांचे फोन आले त्यांची त्याने स्वतः माफी मागितली. पण जे थांबले होते, त्यांनीही गावोगाव जाऊन सांगितलं. पुढे फोन करून कोणी जेवण ठरवू लागलं, की हेमराज आधी काय मिळणार नाही ते सांगायचा आणि मग काय मिळेल ते. नवख्या माणसाला याचं नवल वाटे. हळूहळू बाकडी भरू लागली, आणि भरलेली राहिली.

पुढच्या आखाजीला कोकिळा पुन्हा आली. ती खानावळीत गेली नाही. पिशवी घेऊन, मुलीचा हात धरून, ती थेट महाजनांच्या घरी गेली. पार्वताबाई ओट्यावर डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "एवढा उशीर? सकाळपासून वाट बघतेय."

तात्पर्य: पाहुण्याला दिलेला शब्द पाळता आला नाही, तर बारीक अक्षरांमागे लपू नये, पुढे होऊन चूक कबूल करावी आणि जेवढं देता येईल तेवढं, थोडं का असेना, अस्सल द्यावं.