खारूताईची पहिली गोधडी

मुलांनो, एका गावाला लागूनच एक रान होते आणि त्या रानातल्या मोहाच्या जुन्या झाडात, एका ढोलीत, एक खार राहायची. सगळे तिला खारूताई म्हणत. तिला एक वेगळाच नाद होता. गावाच्या टोकाला एक शिलाईचे दुकान होते. त्याच्या खिडकीखाली रोज कापडाची कातरणे पडत. दुकानदाराचा झाडू फिरायच्या आत खारूताई तिथे हजर! फुलाफुलांचे चीट, खणाची हिरवी पट्टी, मखमलीचा तुकडा, कुणीतरी विणता विणता टाकून दिलेली लाल लोकर, जे सापडेल ते तोंडात धरून ती सरसर झाडावर चढे आणि ढोलीत कोंबून ठेवी.

शेजारच्या फांदीवर शिंपी पक्ष्याची मादी राहत असे. पानाला पान शिवून घरटे करणारी ती चिमुकली पाखरीण. रानात तिला शिंपीणबाई म्हणत. एकदा तिने विचारले, "ताई, एवढ्या कापडाचं तू करणार तरी काय?"

"गोधडी शिवणार मी! अशी देखणी, की रानात तशी दुसरी नसेल."

"मग बसतेस कधी शिवायला?"

"मला अजून शिवता कुठे येतं? आधी हात बसू दे."

"अगं, पण हात बसायला आधी कापड हातात नको का घ्यायला?"

हे मात्र खारूताईला पटले. तिने मखमल काढली. पण छे, एवढी मऊ मखमल शिकण्यात वाया घालवायची? चिटाचा तुकडा काढला. टाका चुकला तर फुले वाकडी व्हायची! लाल लोकर तर तिने नुसती गालाला लावली आणि पुन्हा तळाशी ठेवून दिली. "शिकायला आपलं साधंसं कापड बघून आणते," असे म्हणून ती पुन्हा खिडकीखाली गेली. आणि गंमत अशी, की ते साधे कापड घरी आणले, झटकून पाहिले, की तेही तिला फार छान वाटू लागे. मग तेही ढोलीत.

पुढे पौषातली थंडी पडली. एका सकाळी रानडुकरांचा कळप कंद उकरत आला आणि सशिणीचे गवतातले घर पार तुडवून गेला. पिल्ले वाचली, पण गवत चिखलात गेले. सशीण पिल्लांना घेऊन मोहाखाली आली. पिल्ले थंडीने लटलट कापत होती. सगळ्यात धाकटे तर हालचालच करीना.

खारूताई नादिष्ट होती, पण मनाची कोती नव्हती. तिने वरून ओंजळी ओंजळीने चिंध्या टाकल्या. "घे गं, पांघर त्यांना!" सशिणीने त्या पिल्लांवर पसरल्या. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि सगळ्या चिंध्या झुडपांत उडून गेल्या.

"सुट्या चिंध्यांनी थंडी अडायची नाही," शिंपीणबाई म्हणाली. "जोडायला हव्यात."

"मग तू जोडून दे ना! तुला तर शिवता येतं."

"माझी चोच पानापुरती गं, ताई. एवढं जाड कापड मला पेलायचं नाही. कसं करायचं ते मात्र दाखवीन."

रात्रभर भटकून घरी निघालेले साळिंदर हे ऐकत उभे होते. ते म्हणाले, "सुई हवी ना? हा माझा काटा गळायलाच आलाय, घ्या." शिंपीणबाईने चोचीने टोचून टोचून त्या काट्याला भोक पाडले. आता हवा होता दोरा. खारूताई ढोलीत शिरली आणि तिने तळातली लाल लोकर ओढली. पाहते तर काय, लोकरीचा हातात भुगा झाला! कसर लागली होती. मखमलीलाही भोके पडली होती. खारूताई मटकन खाली बसली. "चांगल्या कामासाठी म्हणून जपून ठेवली होती गं मी," ती हुंदके देऊ लागली.

एवढ्यात खालून सशिणीचा आवाज आला. "ताई, धाकटं गार पडत चाललंय."

खारूताईने शेपटीने डोळे पुसले. वरच्या थरातली निळी लोकर अजून धड होती. ती काट्यात ओवून खारूताई खाली आली आणि शिवायला बसली.

पहिलाच टाका तिने इतका ओढला, की कापडाला चुण्या पडल्या. मग ती इतकी भरभर शिवू लागली, की उठायला गेली तर गोधडीही तिच्याबरोबर उठली. पठ्ठीने आपली शेपटीच शिवून टाकली होती! साळिंदराला असे हसू फुटले, की त्याचे सगळे काटे खुळखुळले. सशीणसुद्धा हसली.

"उसव, आणि पुन्हा घाल. साधा धावदोरा," शिंपीणबाई म्हणाली. "सुई खाली, सुई वर. बाकी काही नाही."

सुई खाली, सुई वर. उडालेल्या चिंध्या साळिंदर काट्यांत अडकवून परत आणी आणि खारूताई त्या जोडत जाई. चिटाची फुले उलटी लागली. खणाची पट्टी एका कोपऱ्याला पुरलीच नाही. मखमल भोकांसकट जोडली. पण उन्हे झाडाखाली यायच्या आत सगळ्या पिल्लांना पुरेल एवढी गोधडी तयार झाली.

सशिणीने ती पिल्लांवर पांघरली. सगळे श्वास रोखून बघत राहिले. मग गोधडीखाली काहीतरी हलले. धाकट्याला एक इवलीशी शिंक आली आणि मखमलीच्या भोकातून त्याचा एक कान टुणकन वर आला!

खारूताईचे लक्ष मात्र टाक्यांकडे होते. "किती वाकडी झाली गं," ती ओशाळून म्हणाली.

"वाकडी?" सशीण म्हणाली. "मला तर नुसती माझी पोरं दिसतायत."

त्या दिवसापासून खारूताईने कापड जपून ठेवणे सोडले. तिने माकडिणीच्या बाळाला टोपडे शिवले. घुबडाला दिवसा उजेड लागू नये म्हणून पडदा केला. साळिंदराला हौसेने सदरा शिवला, तो घालताक्षणी त्याची चाळणी झाली, ती गोष्ट वेगळी! ढोलीतले कापड संपत गेले, तसतसे टाके सरळ येत गेले. मग एक दिवस ती सशिणीकडे गेली आणि पिल्लांना म्हणाली, "आणा रे ती गोधडी. उसवून नीट शिवून देते."

पिल्लांनी गोधडीवर उड्या मारल्या आणि तिथेच ठाण मांडले. "मुळीच नाही!" धाकटे ओरडले. "मग मी कान कुठून काढू?"

तात्पर्य : जपून ठेवलेल्या कापडाला कसर लागते, पण वाकडे शिवलेले कापडही कुणाला तरी ऊब देते. म्हणून शिकायचे असेल, तर हाताशी असलेले चांगले कापड घेऊन आजच पहिला टाका घालावा.