जांभळा रंग आणि काजळी

काचेवर ऊन धरून वीज काढायला माणसं नुकतीच शिकत होती, तेव्हाची गोष्ट. एका काचेवरचा जांभळा रंग उन्हातून वीजकण सुटे करायचा. पण तारेपर्यंत पोचण्याआधीच ते त्याच्यात परत विरायचे. दिवा काही लागेना.

कंदिलाची काजळी म्हणाली, "दादा, मी पोचवते."

"काळतोंडे, मला शिवू नकोस!"

शेवटी कारागीर शेवंताबाईंनी चिमूटभर काजळी त्याच्यात खलली. काजळीवरून कण तारेकडे धावले. दिवा लागला.

"काय रंग आहे!" सगळे म्हणाले. काजळीचं नावही कुणी काढलं नाही.

रंगाला काजळीपासून तोंड लपवावंसं वाटलं. पण ती तर त्याच्या अंगभर होती.

"लाजतोस काय, दादा?" ती म्हणाली. "ऊन आहे तोवर कण दे."