हिवरदऱ्याच्या गाडीचा प्रश्न

“पण मंत्र्याला निसटायला जागाच उरू नये, असा प्रश्न विचारायचा कसा, बुवा?”

दौलतबुवा तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा काही साधासुधा माणूस नव्हता. आमदार दिवाकर अढाऊ. विधानसभेत तो उभा राहिला की अधिकारी गॅलरीत बसून भराभरा फायली चाळू लागत. गेल्या अधिवेशनात एकट्याने एकशे बारा प्रश्न दिले होते. लहानपणी तो याच मठात, याच ओट्यावर, बुवांपुढे बोलायला शिकला होता. आता त्याच्या बोलण्याचं नाव झालं होतं. आणि नाव झालं की माणूस गुरूकडे सल्ला मागायला म्हणून येतो, पण मनातून त्याला शाबासकी हवी असते.

आल्या आल्या त्याने अंगातलं जाकीट काढून भिंतीवरच्या खुंटीला अडकवलं होतं आणि घरच्यासारखी मांडी ठोकली होती.

“उद्या अकरा वाजता प्रश्नोत्तराचा तास आहे. माझा प्रश्न तिसरा. आपल्या हिवरदऱ्याच्या दवाखान्याचाच आहे.”

“वाच.”

दिवाकरने खिशातून कागद काढला. ओट्यावर बसल्या बसल्याच त्याचा आवाज सभागृहातला झाला.

“‘हिवरदरा येथील प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका गेल्या सात महिन्यांपासून चालकाअभावी उभी आहे, हे खरे आहे काय? असल्यास, चालक केव्हापर्यंत देण्यात येईल? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’”

“चांगला हाय. मागच्या अधिवेशनात काय विचारलं होतं?”

“हाच. फक्त महिने कमी होते.”

“मंग काय उत्तर आलं?”

दिवाकरचा चेहरा उतरला.

“‘हे खरे नाही.’ हे पहिल्या भागाचं उत्तर. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाला, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ मी उठून बाक वाजवला. तर मंत्री हसून म्हणतात, चालकाचं पद भरलेलं आहे, सन्माननीय सदस्यांनी माहिती घेऊन प्रश्न विचारावा. सारं सभागृह हसलं, बुवा.”

“हसलं...”

“खोटं बोलले ते. गाडी तिथंच उभी आहे, आत्ता येताना पाहिली मी. उद्या त्यांना सोडत नाही. तुम्ही फक्त शब्द सुचवा. असा शब्द, की...”

बुवांनी एक शेंग फोडली. दाणे टोपलीत टाकले.

“तू प्रश्न कोनाकोनाले विचारतं?”

“मुख्यमंत्र्यांना. आरोग्य, बांधकाम, पाणीपुरवठा... कोणालाच सोडलं नाही.”

“अन् इकडं?”

“इकडं लोक मला विचारतात.” दिवाकर हसला. ते हसू त्याला शोभतही होतं.

“बाहेर पायरीवर एक पोरगी बसली हाय,” बुवा म्हणाले. “तिच्या बाजूलेच तू चपला काढल्या. तिले एक प्रश्न विचारून ये.”

गुरूची आज्ञा. दिवाकर उठला.

पायरीवर कांचन बसली होती. वय बावीस-तेवीस, नववा महिना, पाय सुजलेले, शेजारी लुगड्यात बांधलेलं गाठोडं. आमदार आलेला पाहून ती उठायला लागली. त्याने हातानेच बस म्हटलं.

“दवाखान्याच्या गाडीला चालक नाही, हे खरं आहे काय?”

जिभेला सवयच तशी.

“हो जी, भाऊ.”

दिवाकर आत आला. “विचारलं. खरं आहे म्हणते.”

“हे तं तुले ठाऊकच होतं.”

“होतंच. आमच्यात पहिला धडा तोच असतो, बुवा. ज्याचं उत्तर आपल्या हाती नाही, तो प्रश्न उभा राहून विचारायचा नाही. नाही तर माणूस तोंडघशी पडतो.”

“मंग पड तोंडघशी. जाय. जे ठाऊक नाई ते विचार.”

दिवाकर पुन्हा पायरीशी येऊन उभा राहिला.

एकशे बारा प्रश्न देणारा माणूस, आणि त्याला एक प्रश्न सुचेना. त्याने कडुलिंबाकडे पाहिलं. खाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे पाहिलं. मग त्याची नजर त्या गाठोड्यावर गेली.

“इथं काहून बसली तू?”

हे विचारताना त्याची भाषाही बदलली. आईजवळ बोलायची, ती तोंडात आली.

“सकाळी सिस्टर आल्या होत्या,” कांचन म्हणाली. “प्रेशर लय वाढलं म्हने. चिठ्ठी देल्ली. आजच तालुक्याले जाय म्हने, अन् निजूनच जाय, बसून नको. ऑटोवाला बाजाराले गेला. आमचे ते वीटभट्टीवर. मंग इथं येऊन बसली.”

“पण मठात काहून?”

“गाडीची किल्ली इथंच राह्यते ना जी, बुवापाशी. कोनी चालवनारा आला तं...”

ती थांबली. मग खाली पाहत म्हणाली, “श्रावणात माह्या सासऱ्याले पान लागलं. साप. तवाबी गाडी होती, किल्ली होती. बैलबंडीत टाकून नेलं. खिंडीतच गेले.”

दिवाकरला लाज वाटली. कशाची, ते अजून त्याला उमगलं नव्हतं.

पण तो अढाऊ होता. त्याने लगेच छाती काढली.

“काही काळजी करू नको. माझी गाडी उभी आहे. मागची सीट मोकळी करतो, आत्ताच्या आत्ता नीघ. माझा ड्रायव्हर पोचवून देईल.”

कांचनने कडुलिंबाकडे पाहिलं. तिच्या तोंडावर ओळखीचं हसू आलं.

“शेषरावभाऊच ना? बरं झालं. पहिले तेच तं नेत होते सगळ्याईले.”

“कुठं नेत होता?”

“तालुक्याले. दवाखान्याच्या गाडीवर तेच होते ना जी.”

...

“शेषराव!”

शेषराव धावत आला. नेहमीसारखा स्वच्छ सदरा, नेहमीसारखे हात पुढे बांधलेले. सात महिन्यांत त्याने एकदाही गाडी उशिरा लावली नव्हती. दिवाकर चारचौघांत त्याचं कौतुक करायचा.

“माझ्याकडं यायच्या आधी तू कुठं होता?”

“दवाखान्याच्या गाडीवर जी. इथंच. मे महिन्यात तालुक्याच्या साहेबानं सांगतलं, आमदारसाहेबाकडं जाय.”

दिवाकरला तो फोन आठवला. दौरे फार होतात, एखादा निर्व्यसनी, बिनबोभाट चालक बघा, असं त्यानेच साहेबाला म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी शेषराव दारात हजर. कुठून आला, कोणाचा आला, हे त्याने विचारलं नव्हतं. आमदाराला माणसं मिळतात. ती कुठून तरी उचललेली असतात, हे कोण ध्यानात घेतो?

“सात महिने! आणि तू बोलला नाही?”

“तुम्ही विचारलं नाई, भाऊ.”

शेषराव पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

“मागच्या सीटवर बसून तुम्ही तोच प्रश्न पाठ करत होते. चालकाअभावी, चालकाअभावी... दोनदा वाटलं, सांगून टाकावं. तुम्ही म्हनले, मधात बोलू नको, आता जुळत आलं.”

दिवाकर आत आला आणि बुवांसमोर बसला.

बुवांच्या शेंगा चालूच होत्या.

“तुम्हाला ठाऊक होतं, बुवा.”

“अख्ख्या गावाले ठाऊक हाय.”

“मग मला एका शब्दानं सांगितलं का नाही?”

“तू दर खेपेले येतं, अन् उत्तर घेऊनच येतं. आज पहिल्यांदा विचारायले आला.”

...

दिवाकरने हातातला कागद घडी केला. पुन्हा एक घडी केली. इतकी लहान, की आता तो मुठीत मावत होता.

“उद्याचा प्रश्न मागे घेतो. मंत्र्यांच्या फायलीत माझं नाव असणार. मागच्या वेळी त्यांनी नुसतं हसून सोडलं. उद्या भर सभागृहात वाचून दाखवतील, की चालक सन्माननीय सदस्यांच्याच गाडीवर आहे.”

“हे खरे हाय काय?”

“काय?”

“जे वाचतीन ते.”

बाहेर कांचनच्या बांगड्या वाजल्या. बसल्या बसल्या ती पाय बदलत असावी.

“हो,” तो म्हणाला. “खरं आहे.”

“एवढं सोपं उत्तर कोन्या मंत्र्याच्यानं झालं नाई,” बुवा म्हणाले. “तुह्यानं झालं.”

दिवाकर उठला. जाकीट घ्यायला खुंटीकडे गेला. ते उचललं, तर त्याच खुंटीवर, जाकिटाखाली, लाल दोऱ्यात ओवलेली एक किल्ली लटकत होती.

त्याने बुवांकडे पाहिलं. बुवांनी टोपलीकडे पाहिलं.

“सात महिने उभी आहे गाडी. सुरू तरी होईल का?”

“होते ना. दर सोमवारी मीच सुरू करतो. भुर्र करते, मंग बंद करतो. पुढं न्याची कशी, ते मले येत नाई.”

दिवाकरने किल्ली शेषरावच्या हातात ठेवली. शेषरावने ती कपाळाला लावली आणि पळतच दवाखान्याकडे गेला. पाच मिनिटांत पांढरी गाडी पायरीशी येऊन लागली. कांचनला आडवं निजवलं. गाठोडं तिच्या उशाशी ठेवलं. ठेवताना दिवाकरच्या हाताला आतलं चिमुकलं टोपडं लागलं, आणि त्याला एकदम भरून आलं.

“शेषराव, हिला पोचव. सिस्टरच्या चिठ्ठीसकट डॉक्टरच्या ताब्यात दे. आणि गाडी परत आणून इथं, दवाखान्यात लाव. माझ्याकडं यायचं नाही आता. साहेबाशी मी बोलतो.”

“हो जी, भाऊ.” शेषरावचा आवाज मोकळा झाला होता. सात महिन्यांत असा आवाज दिवाकरने ऐकला नव्हता.

गाडी धूळ उडवत खिंडीकडे गेली. दिवाकर ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला. मग वळला आणि ओट्यावर आला. त्याची मान पुन्हा ताठ झाली होती.

“प्रश्न मागे घेत नाही, बुवा. उद्या उभा राहतो. नाव मंत्र्यांनी घ्यायच्या आधी मीच घेतो. आणि मग विचारतो, की असे किती चालक किती साहेबांच्या आणि किती आमदारांच्या गाड्यांवर आहेत. हसतील ते हसू देत.”

बुवांनी नुसतं हुं म्हटलं.

दिवाकरने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, चपला घातल्या, आणि कडुलिंबाखाली जाऊन गाडीचं मागचं दार उघडून आत बसला.

बसून राहिला.

थोड्या वेळाने खाली उतरला.

पुढच्या सीटवर कोणी नव्हतं. गाडी चालवायला तो कधी शिकला नव्हता. कधी गरजच पडली नव्हती. कार्यकर्ते अधिवेशनासाठी कालच नागपूरला पुढे गेलेले. शेषराव रात्री परतला असता, पण त्याला पुन्हा आपल्या गाडीवर बसवायला आता तोंड उरलं नव्हतं. मोबाइलची रेंज खिंडीपलीकडे. हिवरदऱ्याची एकुलती एक बस सकाळी सातला निघून गेलेली, आणि उद्या सातची धरून अकराला पोचणं होणार नव्हतं.

तो परत ओट्याशी आला. चपला पायरीवर काढल्या, कांचन बसली होती बरोबर त्याच जागी.

“बुवा, गाडी दारात उभी आहे. चालवणारा नाही. उद्या अकराला मला तिथं उभं राहायचंच आहे. मी पोचणार कसा?”

दौलतबुवांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. दुपारभरात पहिल्यांदाच त्यांनी शिष्याकडे नीट पाहिलं.

“हां... आता प्रश्न उद्भवला.”